सहारला माल पोहोचण्यापूर्वी : ज्वलनशील अर्काचे नमुने विमानाने पाठवताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. अंबरनाथच्या एमआयडीसीत वेलची, केशर, हापूस अशा खाद्यसुगंधी अर्कांचा आपला लहान कारखाना आहे. हे अर्क अल्कोहोलमध्ये तयार होतात, आणि जर्मनीतल्या एका खरेदीदाराने त्यांच्या एकेक लिटरच्या १२ काचेच्या बाटल्या चाचणीसाठी विमानाने मागवल्या आहेत. आपला एजंट सांगतो, की कागदावर ‘फूड फ्लेवर, नॉन-हॅझर्डस’ एवढेच लिहावे, कारण खरे लिहिले तर भाडे वाढते आणि माल अडकतो, आणि यापूर्वी दोनदा माल असाच गेला तेव्हा काहीही झाले नाही. खाण्याच्या पदार्थात जाणारी वस्तू खरोखरच धोकादायक माल ठरते का, आणि ठरत असेल तर ती रीतसर कशी पाठवायची, असे आपण विचारले आहे.

ती धोकादायक मालच ठरते, आणि एजंटाचा सल्ला आपण मानू नये. मुंबई विमानतळाच्या सहारमधल्या एअर कार्गो संकुलात धोकादायक माल स्वीकारण्याच्या आणि पुढे ते काम शिकवण्याच्या कामात माझी दोन तपांहून अधिक वर्षे गेली आहेत. त्या अनुभवातून सांगते, की माझ्या पाहण्यात आलेल्या गंभीर चुकांपैकी बहुतेक चुका विमानतळावर झालेल्या नव्हत्या. त्या माल पाठवणाऱ्याच्या टेबलावर, कागद भरताना आणि बाटलीचे झाकण लावताना झालेल्या होत्या. म्हणून हे उत्तर लांबले आहे, आणि त्याचा बराचसा भाग आपल्या कारखान्यात करायच्या कामांविषयी आहे.

वर्गीकरणापासून सुरुवात करू. एखादी वस्तू पोटात गेल्यावर अपायकारक आहे की नाही, हा अन्नसुरक्षेचा प्रश्न झाला. हवाई वाहतुकीत आपण त्या द्रवाला इतर प्रश्न विचारतो : तो पेट घेतो का, गंजवतो का, विषारी आहे का, दुसऱ्या पदार्थाच्या जळण्याला हातभार लावतो का. संयुक्त राष्ट्रांच्या पद्धतीत धोकादायक मालाचे ९ वर्ग आहेत आणि ज्वलनशील द्रव तिसऱ्या वर्गात येतात. ज्या तापमानाला द्रवाच्या पृष्ठभागावरची वाफ ठिणगी मिळताच पेट घेते, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. बंद पात्राच्या चाचणीत तो ६० अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी आला, की द्रव तिसऱ्या वर्गात जातो. आपण कळवलेला आकडा १८ अंशांचा आहे. मुंबईत मे महिन्याच्या दुपारी टेम्पो धक्क्यावर उभा असतो तेव्हा आतल्या बाटल्यांचे तापमान ३५ अंशांच्या खाली क्वचितच असते. याचा अर्थ असा, की आपला अर्क अंबरनाथहून निघाल्यापासून त्याच्या फ्लॅश पॉइंटच्या वरच असतो, आणि एखादी बाटली झिरपली तर खोक्यात साठणारी वाफ पेटायला एक ठिणगी पुरते.

फ्लॅश पॉइंट २३ अंशांच्या खाली आणि उत्कलनबिंदू ३५ अंशांच्या वर असल्यामुळे हा माल पॅकिंग ग्रुप दोनमध्ये येतो. धोक्याची तीव्रता एक, दोन आणि तीन अशी उतरत जाते, त्यातली ही मधली पायरी आहे. सुगंधासाठी किंवा चवीसाठी वापरल्या जाणाऱ्या द्रव अर्कांना यादीत स्वतंत्र नोंद आहे, ती म्हणजे यूएन ११९७ (‘यूएन’ म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या यादीतला क्रमांक). जिथे नेमके नाव उपलब्ध आहे, तिथे ‘ज्वलनशील द्रव, इतरत्र न नोंदलेला’ हे मोघम नाव वापरता येत नाही.

आपण पाठवलेल्या एसडीएसच्या, म्हणजे मालाच्या सुरक्षा-माहितीपत्रकाच्या, नवव्या विभागात फ्लॅश पॉइंट १८ अंश लिहिला आहे आणि चौदाव्या विभागात, म्हणजे वाहतुकीच्या माहितीत, ‘नियमन लागू नाही’ असे छापले आहे. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. लहान कारखान्यांच्या कागदांत ही विसंगती मी वारंवार पाहते. बहुतेक वेळा एखाद्या ग्लायकॉलवर (सहज पेट न घेणाऱ्या द्रावकावर) आधारित उत्पादनाचा जुना एसडीएस उचलून त्यात नाव आणि दोन-चार आकडे बदललेले असतात आणि चौदावा विभाग तसाच राहून गेलेला असतो. कधी तो परदेशी रस्तेवाहतुकीच्या नियमांवरून लिहिलेला असतो. उदाहरणार्थ, अमेरिकेत देशांतर्गत रस्तेवाहतुकीत ३८ ते ६० अंश फ्लॅश पॉइंट असलेल्या काही द्रवांना सवलत मिळते, पण ती विमानाला लागू होत नाही. स्वीकृतीच्या काउंटरवर बसलेली व्यक्ती आपल्या अर्काची चाचणी करू शकत नाही आणि तिच्यासमोर आपण दिलेला कागदच असतो, म्हणून त्या कागदातला विरोध आधी मिटवला पाहिजे.

आता एजंटाच्या म्हणण्याकडे वळते. ‘दोनदा गेला, काही झाले नाही’ या वाक्यातून एवढेच कळते, की दोनदा बाटल्या फुटल्या नाहीत. एक्स-रे यंत्रातून माल जातो, तरी कोणी पकडत कसे नाही, असेही आपण विचारले आहे. ती तपासणी मुख्यतः घातपाताच्या वस्तू शोधण्यासाठी असते. पडद्यावर बाटलीचा आकार आणि आतल्या द्रवाची घनता कळते, फ्लॅश पॉइंट कळत नाही.

काही वर्षांपूर्वीच्या एका पावसाळी रात्रीचा प्रसंग सांगते. ‘फूड कलर सॅम्पल’ असे लिहिलेले एक खोके सर्वसाधारण मालात आले होते आणि त्याच रात्रीच्या प्रवासी विमानात ते चढणार होते. आमच्याकडचा एक जुना लोडर ते उचलून पुन्हा खाली ठेवत म्हणाला, “मॅडम, याला केळ्याचा वास येतोय, आणि कोपरा ओला आहे.” बाहेर पाऊस कोसळत असल्यामुळे ओल्या कोपऱ्याकडे दुसऱ्या कोणी लक्षही दिले नसते. खोके बाजूला काढून, पाठवणाऱ्याला कळवून ते उघडले, तेव्हा वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेल्या पाच काचेच्या बाटल्या निघाल्या. त्यांत केळ्याच्या स्वादाचे घट्ट द्रावण होते, ज्याचा मुख्य घटक ॲमिल ॲसिटेट, म्हणजे तिसऱ्या वर्गातला ज्वलनशील द्रव. एका बाटलीचे प्लॅस्टिकचे झाकण उभे चिरले होते आणि तिच्याभोवतीचा कागद पिवळा, ओलसर आणि पारदर्शक झाला होता. त्या विमानाच्या यादीत दुसऱ्या एका पाठवणाऱ्याने अगदी नियमानुसार जाहीर केलेले कमी तीव्रतेच्या हायड्रोजन पेरॉक्साइडचे खोकेही होते. ज्वलनशील द्रव आणि ऑक्सिडायझर, म्हणजे या पेरॉक्साइडसारखा जळण्याला हातभार लावणारा पदार्थ, एकमेकांपासून दूर ठेवावे लागतात, आणि दोन्ही जाहीर असते तर आमच्या लोकांनी ते ठेवलेही असते. पण एकाने आपली ओळखच लपवली होती, त्यामुळे ही दोन खोकी एकमेकांना खेटून बसण्यात काहीच अडथळा नव्हता. पाठवणारा मनाने वाईट नव्हता. त्यालाही कोणीतरी हेच सांगितले होते, की खाण्याचाच तर माल आहे.

कागदावरच्या एका चुकीच्या नावाने काय होते, याची नोंद झालेली उदाहरणे आहेत. मार्च २००० मध्ये बीजिंगहून क्वालालंपूरला आलेल्या एका प्रवासी एअरबस ए-३३० विमानातून पुढे चेन्नईला जाणारा माल उतरवताना कामगारांना त्रास होऊ लागला. डबे हायड्रॉक्सिक्विनोलिन या घन पदार्थाचे म्हणून जाहीर केलेले होते, प्रत्यक्षात त्यांत ऑक्झॅलिल क्लोराइड हा अत्यंत गंजवणारा द्रव होता. गळतीने विमानाच्या सांगाड्याची इतकी हानी झाली, की ते विमान पुन्हा उडालेच नाही. तो माल आपल्याच देशात येत होता, म्हणून मी प्रशिक्षणात हे उदाहरण नेहमी सांगते. त्याहून भीषण उदाहरण ११ मे १९९६ चे आहे. फ्लोरिडात व्हॅल्यूजेटचे डीसी-९ विमान कोसळून ११० जण मृत्युमुखी पडले. त्याच्या मालकक्षात ऑक्सिजन निर्माण करणारी रासायनिक नळकांडी होती, आणि कागदावर ती ‘रिकामी’ म्हणून नोंदली होती. ती रिकामी नव्हती आणि त्यांना सुरक्षा-टोप्याही बसवलेल्या नव्हत्या. ‘रिकामी’ हा शब्द लिहिणाऱ्याने तो सहज लिहिला असेल, पण पुढच्या साखळीतल्या प्रत्येकाने त्या शब्दावर विश्वास ठेवला.

ही साखळी आपण एकदा समजून घ्यावी. आपण मालाचे नाव, यूएन क्रमांक आणि प्रमाण जाहीर करता. विमान कंपनीचे स्वीकृती कर्मचारी त्यावरून प्रश्नांची लांबलचक यादी एकेक करून तपासतात, आणि त्यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आले तर माल परत जातो. त्यानंतर भरणीचे नियोजन करणारा ठरवतो, की हे खोके कशापासून दूर ठेवायचे. शेवटी वैमानिकाला लेखी सूचना दिली जाते, जिला आमच्याकडे नोटॉक म्हणतात, आणि तिच्यात कोणता माल, किती आणि कोणत्या जागी आहे हे लिहिलेले असते. आकाशात मालकक्षातून धुराचा इशारा आला तर वैमानिक त्या कागदाकडे पाहून निर्णय घेतो आणि जमिनीवरच्या अग्निशमन दलाला तीच माहिती कळवतो. मालकक्षात जाऊन खोके उघडून पाहण्याची सोय त्याच्याजवळ नसते.

वरचे वाचून विमानाने असा माल पाठवूच नये, असे मात्र आपण समजू नये. नियमांचा हेतू तो नाही. वाशीच्या ब्रिट या संस्थेतून, म्हणजे विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळातून, देशभरच्या रुग्णालयांना किरणोत्सारी औषधे जातात. त्यातल्या मॉलिब्डेनम-९९ चे अर्धायुष्य सुमारे ६६ तासांचे आहे. ते रेल्वेने निवांत पाठवले, तर पोहोचेपर्यंत त्याचा मोठा भाग संपलेला असेल. अशा वस्तू विमानानेच जातात, आणि सुरक्षितपणे जातात, कारण त्यांचे पात्र, लेबल, प्रमाण आणि माणसांपासूनचे अंतर ठरलेले असते. आपला अर्कही तसाच सुरक्षितपणे जाऊ शकतो.

आता प्रमाणाविषयी बोलू, कारण इथे आपल्याला निवड करायची आहे आणि ती खरेदीदाराशी बोलूनच करावी. पॅकिंग ग्रुप दोनमधला हा माल प्रवासी विमानात एका खोक्यात जास्तीत जास्त ५ लिटर, तर केवळ मालवाहू विमानात एका खोक्यात ६० लिटरपर्यंत जातो. १२ लिटरचे एकच खोके केले तर ते फक्त मालवाहू विमानातून जाईल, त्याला तसे नारिंगी लेबल लागेल आणि जागेसाठी थांबावे लागेल, कारण बहुतांश उड्डाणे प्रवासी विमानांची असतात. पाच, पाच आणि दोन बाटल्या अशी तीन खोकी केली तर प्रवासी विमानाचा मार्ग मोकळा राहतो.

पण त्याआधी खरेदीदाराला विचारा, की चव तपासण्यासाठी त्याला खरोखर एकेक लिटर हवे आहे का. ३० मिलिलिटरपर्यंतच्या बाटल्या आणि एका खोक्यात मिळून ५०० मिलिलिटरपर्यंत माल असेल, तर तो ‘एक्सेप्टेड क्वांटिटी’ या सवलतीत बसतो. त्यात वर्गाचे लेबल आणि पाठवणाऱ्याचे धोकादायक मालाचे घोषणापत्र लागत नाही, मात्र लाल तिरप्या रेघांची चौकट असलेले ठरावीक चिन्ह खोक्यावर लावावे लागते, एअरवे बिलावर, म्हणजे विमानमालाच्या वाहतूकपत्रावर, तसा उल्लेख करावा लागतो आणि आतली बाटली, मधले वेष्टन, बाहेरचे मजबूत खोके अशी तीन थरांची बांधणी लागते. नमुने पाठवणाऱ्या आपल्याकडच्या अनेक लहान कारखान्यांना ही वाट माहीतच नसते. त्यामुळे त्यांच्यापुढे मोठा खर्च किंवा खोटा कागद, असे दोनच पर्याय उभे राहतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दुसरी शक्यताही विचारात घ्या. प्रॉपिलीन ग्लायकॉलचा फ्लॅश पॉइंट १०० अंशांच्या आसपास असतो. तोच स्वाद ग्लायकॉलमध्ये तयार करून खरेदीदाराला चालणार असेल, तर माल तिसऱ्या वर्गातून बाहेर पडू शकतो. ‘पडू शकतो’ असे म्हणते, कारण स्वादाचे मूळ घटक स्वतः ज्वलनशील असतील तर मिश्रणाचा फ्लॅश पॉइंट खाली येतो. म्हणून तयार मिश्रणाची चाचणी करूनच निष्कर्ष काढावा.

समजा, १२ लिटरच पाठवायचे ठरले. मग खोके हा सगळ्यात महत्त्वाचा विषय. बाजारात ‘यूएन बॉक्स’ म्हणून मिळणारे कोणतेही खोके चालेल, असा समज आहे, आणि तो चुकीचा आहे. त्या खोक्यावर वर्तुळातल्या ‘यूएन’ या अक्षरांपुढे एक ओळ छापलेली असते, उदाहरणार्थ ४जी, वाय १२, एस, २५, आयएनडी. ‘४जी’ म्हणजे पुठ्ठ्याचे खोके, ‘वाय’ म्हणजे पॅकिंग ग्रुप दोन आणि तीनसाठी योग्य, ‘१२’ म्हणजे मालासह एकूण वजन १२ किलोपर्यंत, ‘एस’ म्हणजे घन पदार्थांसाठी किंवा आतल्या बाटल्यांसह वापरायचे, ‘२५’ हे निर्मितीचे वर्ष आणि ‘आयएनडी’ हा देश. ‘वाय’च्या जागी ‘झेड’ असेल तर ते खोके आपल्या मालाला चालणार नाही, कारण ते फक्त ग्रुप तीनपुरते तपासलेले असते.

ही ओळ ज्या चाचण्यांवर उभी आहे, त्या अंधेरीच्या एमआयडीसीतल्या भारतीय पॅकेजिंग संस्थेत होतात. जमल्यास एकदा त्या बघून या. ग्रुप दोनसाठी भरलेले खोके १.२ मीटर उंचीवरून तळावर, माथ्यावर, बाजूंवर आणि कोपऱ्यावर पाडतात, आणि त्यानंतर आतून गळती झालेली चालत नाही. रचून ठेवल्यावर वरच्या मालाचा भार २४ तास सोसतो का, हे पाहतात. पुठ्ठा किती पाणी शोषतो, तेही मोजतात. ३० मिनिटांत दर चौरस मीटरला १५५ ग्रॅमपेक्षा अधिक पाणी शोषणारा पुठ्ठा नापास होतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात या शेवटच्या चाचणीचे मोल कळते. तरीही जुलै महिन्यात अंबरनाथहून शिळफाट्यामार्गे येणाऱ्या टेम्पोला नुसती ताडपत्री टाकून भागवू नका. बंद टेम्पो घ्या, आणि तळाशी फळ्या टाकून खोकी त्यावर ठेवा. भिजून मऊ पडलेले खोके कागद कितीही चोख असले तरी आम्ही परत पाठवतो.

चाचणी केवळ खोक्याची झालेली नसते, विशिष्ट बाटल्यांसह झालेली असते, ही गोष्ट सर्वाधिक दुर्लक्षित राहते. चाचणी-अहवालात बाटलीचा प्रकार, वजन, झाकण, मधल्या खणांचा पुठ्ठा आणि टेपची रुंदीसुद्धा लिहिलेली असते. आपण भिवंडीहून स्वस्त बाटल्या आणून त्याच खोक्यात भरल्या, तर वर छापलेले प्रमाणपत्र आपल्या खोक्याला लागू राहत नाही. म्हणून खोक्याच्या पुरवठादाराकडून चाचणी-अहवाल आणि बंद करण्याच्या सूचना लेखी घ्या, आणि पॅकिंग करणाऱ्या माणसाला त्या मराठीतून समजावून सांगा. तो कागद फाइलीत राहून उपयोग नाही.

बाटलीच्या झाकणाकडे विशेष लक्ष द्यावे, असे मी म्हणते त्याचे कारण हवेचा दाब. मुंबईहून महाबळेश्वरला नेलेले वेफर्सचे पाकीट घाटमाथ्यावर टम्म फुगलेले आपण पाहिले असेल. विमान उंचावर असताना आतला दाब साधारण ८,००० फूट उंचीवरच्या हवेइतका, म्हणजे समुद्रसपाटीच्या सुमारे तीन-चतुर्थांश असतो. महाबळेश्वरची उंची त्याच्या जवळपास निम्मीच आहे. समुद्रसपाटीला घट्ट बंद केलेल्या बाटलीतली हवा विमानात बाहेर पडू पाहते आणि झाकण जरा सैल असेल तर द्रवाला सोबत घेऊन येते. म्हणून ग्रुप दोनच्या ज्वलनशील द्रवाची आतली बाटली किमान ९५ किलोपास्कल दाबफरक न गळता सोसणारी असावी लागते. विमानातल्या प्रत्यक्ष फरकापेक्षा हा आकडा बराच मोठा आहे, कारण दाब अचानक गेला तरी बाटली टिकली पाहिजे. बाटली गळ्यापर्यंत भरू नका, कारण ५५ अंशांवर द्रव प्रसरण पावल्यावरही वर रिकामी जागा उरली पाहिजे. झाकण पिळताना ते सूचनेत दिलेल्या जोरानेच पिळा. हाताने ‘गच्च’ पिळणारी दोन माणसे दोन वेगवेगळे जोर लावतात, आणि जादा जोरानेही झाकण चिरते. माझ्या त्या केळ्याच्या वासाच्या बाटलीचे झाकण बहुधा तसेच गेले होते. झाकण घट्ट झाल्यावर त्यावर टेप किंवा आकसणारी प्लॅस्टिकची बाही लावा, म्हणजे कंपनांनी ते सैल होणार नाही.

बाटल्यांभोवती काय भरायचे, याचे उत्तर जुन्या एका अपघातात आहे. ३ नोव्हेंबर १९७३ रोजी पॅन ॲमचे मालवाहू बोइंग ७०७ बॉस्टनला उतरताना कोसळले आणि तिन्ही विमान-कर्मचारी दगावले. त्या विमानात नायट्रिक ॲसिडच्या काचेच्या बाटल्या लाकडाच्या भुशात बांधून ठेवलेल्या होत्या. गळलेल्या ॲसिडने भुसा पेटला असावा आणि धुराने वैमानिक हतबल झाले असावेत, असा तपासाचा निष्कर्ष निघाला. आपला माल ॲसिड नाही, तरीही वर्तमानपत्र, भुसा किंवा पेंढा वापरू नका. सर्व बाटल्यांतला द्रव शोषून घेईल एवढे व्हर्मिक्युलाइट (न जळणारे शोषक खनिज) किंवा तयार मिळणारे शोषक तक्ते वापरा, आणि प्रत्येक बाटली आधी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा.

खोक्यावर लाल रंगाचे, १०० मिलिमीटर बाजूचे, तिसऱ्या वर्गाचे, पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचे लेबल लावा. समोरासमोरच्या दोन बाजूंवर वरची दिशा दाखवणारे बाण हवेत. मालाचे अधिकृत नाव, यूएन क्रमांक, निव्वळ प्रमाण आणि दोन्ही पक्षांचे पूर्ण पत्ते लिहा. जुने खोके पुन्हा वापरून त्यावरची आधीची लेबले तशीच ठेवू नका.

घोषणापत्राच्या दोन्ही कडांना लाल तिरप्या रेघा असतात आणि त्याच्या दोन प्रती विमान कंपनीला द्याव्या लागतात. त्यावर नाव, वर्ग, पॅकिंग ग्रुप, खोक्यांची संख्या व प्रकार, पॅकिंग सूचनेचा क्रमांक आणि प्रवासी की केवळ मालवाहू विमान, हे सारे जसेच्या तसे लिहावे लागते. प्रवासी विमानासाठी आपल्या मालाची पॅकिंग सूचना ३५३ आहे. खाडाखोड झाली तर सही करणाऱ्याने त्या ठिकाणी पुन्हा सही करावी, आणि शक्यतो फॉर्मच नवा भरावा. एजंट ‘सही करून कोरा फॉर्म द्या, बाकी आम्ही बघतो’ म्हणेल. तसे कधीही करू नका. त्या सहीने आपण माल योग्य नावाने, योग्य बांधणीत आणि वाहतुकीस योग्य स्थितीत दिला आहे असे जाहीर करता, आणि ती जबाबदारी एजंटाला पैसे दिल्याने त्याच्याकडे जात नाही. भारतात या सगळ्याला धोकादायक माल वहन नियमांचा आधार आहे, आणि देखरेख नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची आहे. मजकूर तपासताना आयएटीएच्या, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, चालू वर्षाच्याच नियमपुस्तकाचा आधार घ्या. ते दर १ जानेवारीला बदलते, आणि मागच्या वर्षीचे पुस्तक बघून भरलेले फॉर्म जानेवारीत हमखास परत जातात. त्यात विमान कंपन्यांचे स्वतःचे जादा नियमही दिलेले असतात. एखादी कंपनी आपल्या मालाला नाही म्हणू शकते, म्हणून जागा आरक्षित करण्याआधी ते पान वाचा.

एक छोटी पण महत्त्वाची सूचना. दिवाळीच्या सुमारास नमुन्यांसोबत खरेदीदाराला भेट म्हणून पॉवर बँक किंवा कापराची डबी घालण्याची पद्धत मी पाहिली आहे. पॉवर बँक नियमांच्या दृष्टीने सुटी लिथियम-आयन बॅटरी, म्हणजे यूएन ३४८० असते. १ एप्रिल २०१६ पासून ती माल म्हणून प्रवासी विमानात नेण्यास बंदी आहे, आणि मालवाहू विमानातही ती ज्वलनशील द्रवापासून वेगळी ठेवावी लागते. विमानाच्या मालकक्षातला हॅलॉन वायू साधी आग दडपतो, पण बॅटरीच्या एका सेलमधून दुसऱ्यात पसरणारी उष्णता थांबवू शकत नाही. कापूरसुद्धा ज्वलनशील घन पदार्थांच्या यादीत आहे. भेट पाठवायचीच असेल तर वेगळी आणि जाहीर करून पाठवा.

यापूर्वी गेलेल्या दोन खेपांविषयी आपण काळजी व्यक्त केली आहे, आणि ती योग्य आहे. त्याच नोंदीवर एखादी खेप सध्या वाटेत किंवा गोदामात असेल, तर आजच फॉरवर्डरला, म्हणजे माल विमान कंपनीकडे सोपवणाऱ्या मध्यस्थाला, ईमेलने खरे वर्गीकरण कळवून ती थांबवा. थोडा मनस्ताप होईल, कदाचित दंडही पडेल, पण ते खोके कोणाच्या तरी पायाखाली, आकाशात जाण्यापेक्षा हे बरे. आपल्याकडची एक व्यक्ती महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या संस्थेत प्रशिक्षणाला पाठवा. मुंबईत अशा संस्था आहेत, अभ्यासक्रम काही दिवसांचाच असतो आणि दर २४ महिन्यांनी उजळणी करावी लागते. वर्षाला चार-पाच खेपांपेक्षा अधिक माल जाणार नसेल, तर सुरुवातीला प्रशिक्षित पॅकिंग करणाऱ्या व्यावसायिकाची मदत घ्या, पण पॅकिंग होताना आपला माणूस शेजारी उभा असू द्या.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी प्रत्येक अर्काचा स्वतंत्र नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत देऊन बंद पात्रातला फ्लॅश पॉइंट आणि उत्कलनबिंदू मोजून घ्या, कारण वेलचीचा आकडा हापूसला लागू होईलच असे नाही. त्या अहवालावरून एसडीएसचे नववे आणि चौदावे विभाग दुरुस्त करा आणि मग खरेदीदाराशी प्रमाण ठरवा. खोक्यांची ऑर्डर त्यानंतरच द्या, कारण ३० मिलिलिटरच्या बाटल्यांचे खोके आणि एक लिटरच्या बाटल्यांचे खोके या पूर्णपणे वेगळ्या वस्तू आहेत, आणि चुकीची खोकी छापून आली की ती वापरून टाकण्याचा मोह आवरणे कठीण जाते.